गिरणीतल्या मांजराचं नाक

जामखेडकडच्या एका गावात मी गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर होते. नोंदवहीत गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी एवढेच रकाने. मांजराला रकाना नाही, म्हणजे मांजर आजारीच पडत नाही, अशी आमच्याकडची समजूत. गिरणीवाल्या मावशी पिशवीत घालून आपली मांजर घेऊन आल्या, तेव्हा बैल धरून उभे असलेले दोघे खुशाल हसले. मला रागच आला.

मांजरीचं नाक एका बाजूने सुजून वर आलं होतं, नाकपुडीतून रक्ताळ शेंबूड येत होता. पहिली चूक माझीच. वेसणीने चिघळलेली बैलांची नाकं बघून माझा हात तयार झालेला. पू झालाय असं धरून पाच दिवस इंजेक्शनं टोचली. सूज दुप्पट झाली. मांजर तोंडाने श्वास घेऊ लागली, खाणं सुटलं.

तोवर गावाने निकाल लावून टाकला होता. गिरणीत रोग शिरलाय, पिठातून पोरांना होईल, मांजर पोत्यात घाला आणि लांब सोडून या. बायका दळण दुसऱ्या गिरणीत न्यायला लागल्या. मावशींचं पोट त्या एका गिरणीवर. त्या माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "गिरनी बंद पडली तरी हिला पोत्यात न्हाई घालनार. तुमी फकस्त काय झालंय ते सांगा."

मला ठाऊक नव्हतं, आणि तसं म्हणायची लाज वाटत होती. वरिष्ठांना फोन केला तर त्यांनी मांजरापायी वेळ घालवू नका म्हणून बजावलं. मग मी तो मुद्दाम घालवला. सुजेत सुई घालून थेंबभर पाणी काचेवर घेतलं. गोचीडताप बघायला सूक्ष्मदर्शक होतंच. कॉलेजात कधीतरी ऐकलेलं आठवून शाळेजवळच्या दुकानातून चित्रकलेची काळी शाई आणली आणि तिचा थेंब त्यात मिसळला. काळ्या शाईत गोल गोल पेशी दिसल्या, प्रत्येकीभोवती पांढरं कडं. बुरशी होती. मांजरात ही क्वचितच सापडते म्हणतात. पण बघतंय कोण? त्याच दिवशी मी नोंदवहीत पट्टीने नवा रकाना आखला.

ही बुरशी कबुतरांच्या विष्ठेत वाढते आणि धुळीबरोबर नाकात जाते. मांजरीकडून माणसाला होत नाही. मी गिरणीत जाऊन वर पाहिलं. आमच्या गावात दळण आणणारी प्रत्येक बाई धान्याची पहिली मूठ गिरणीच्या दारात कबुतरांना टाकते. पुण्याचं काम. पत्र्याखालच्या वाशांवर वर्षानुवर्षांचा थर साचलेला, आणि बरोबर त्याच्या खाली मांजरीची झोपायची जागा. हे मी सगळ्या बायकांसमोर सांगितलं. मांजर सोडायला सगळ्या तयार होत्या, मूठ सोडायला एकही नाही. मला त्यांचा संताप आला आणि तो मी लपवला नाही.

औषध माणसांचंच, नगरहून मागवलेल्या कॅप्सूल. मावशी त्या फोडून दुधात कालवायच्या आणि बिनसुईच्या सिरिंजने भरवायच्या. पुढे मांजर खायला लागल्यावर सुकटात मिसळून. पाच महिने एक दिवस चुकवला नाही. वासे आम्ही दोघींनी तोंडाला मास्क लावून, पाणी मारून खरवडले. मांजरीच्या ओरखड्यांनी मावशींचे हात भरले होते. सूज उतरली, नाक मात्र वाकडं राहिलं.

मांजर धडधाकट झाल्याचं बघून पहिली बाई दळण घेऊन परत आली, तेव्हा मी तिथेच होते. सवयीने तिने मूठ भरली आणि दाराकडे वळली. मावशींनी चालू गिरणी बंद केली.

"मूठ आपापल्या दारात टाका," त्या म्हणाल्या. "हितं मांजर बसती."

मावशींचा हात बटणावर होता, आणि बाईने मूठ परत डब्यात ओतेपर्यंत त्यांनी गिरणी चालू केली नाही.