गौरवी टीचरने शिकवलेलं क्रियापद

गौरवी टीचर मोरजीहून बसने पेडण्याला आमच्या शाळेत यायची. इंग्रजी शिकवायची, अकरा वर्षं, कंत्राटावर. दर जूनला नवं पत्र, आणि सोबत मॅनेजर कृष्णनाथबाबांचं एकच वाक्य: "टीचर, जरा अ‍ॅडजस्ट करा."

भूगोलाचे सर रजेवर गेले, तिने अ‍ॅडजस्ट केलं. गणेशचवथीच्या सुट्टीत तपासायचे पेपर, गॅदरिंगचा चहा, सगळं तिच्याच गळ्यात. आम्ही पर्मनंट मंडळी तिच्या सोशिकपणाचं कौतुक करायचो. तेवढं फुकट होतं.

शेवटी इंग्रजीची जागा मंजूर झाली. मुलाखतीचं नाटक झालं, आणि अनेक उमेदवारांतून गुणवत्ता नेमकी कृष्णनाथबाबांच्या सुनेत, सिद्धीत, सापडली.

स्टाफ मीटिंगमध्ये ते म्हणाले, "गौरवी टीचर, तुम्ही आता पाचवी घ्या. सिद्धीला तुमच्या नोट्स द्या. थोडं अ‍ॅडजस्ट करा."

गौरवी उभी राहिली. वर्गात बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "सर, हे क्रियापद मी दरवर्षी आठवीला शिकवते. चष्मा नाकावर नीट बसवणं, हा एक अर्थ. नव्या परिस्थितीशी आपणहून जुळवून घेणं, हा दुसरा. दुसऱ्याला ढकलून आपल्या माणसाला जागा करणं, हा अर्थ कुठल्याच डिक्शनरीत नाही. शब्द मुळात लॅटिन. जवळ आणणं, असा अर्थ. माझे आजोबा पोर्तुगीज शिकलेले, ते 'आजुश्तार' म्हणायचे, म्हणजे दोन्ही बाजूंनी ठरवणं. दोन्ही बाजूंनी, सर."

"टीचर रागावली वाटतं!" कृष्णनाथबाब हसले. मग आम्हीही हसलो. मीसुद्धा. ताटलीतला बटाटवडा संपवूनच उठलो.

तिने त्याच दुपारी राजीनामा दिला आणि मोरजीत घरासमोरच्या बाल्कांवात, म्हणजे बाकं असलेल्या ओसरीत, शिकवणी सुरू केली. दिवाळीपर्यंत आमच्या आठवीतली अर्धी मुलं तिथे जाऊ लागली.

एका रविवारी सिद्धी तिच्या दारात उभी राहिली. "मला कर्मणी प्रयोग समजत नाही," ती म्हणाली. "मुलं हसतात."

गौरवीने तिला बाकावर बसायला सांगितलं, मुलांच्या रांगेत.

सिद्धी अजून दर रविवारी जाते. कृष्णनाथबाब लोकांना सांगतात, सून फार धार्मिक, आठवड्याला देवदर्शन चुकवत नाही.