शिंगाची मूठ

माझ्या वडिलांची कुणाशी ओळख करून दिली की ते हात पुढं करतात, आणि एकदा हातात आलेला हात लवकर सोडत नाहीत. समोरचा अवघडून हसतो, हात काढून घ्यायला बघतो, पण अप्पांचं लक्ष त्याच्या तोंडाकडं नसतंच. तळवा ओला आहे की कोरडा, अंगठा कुठवर वाकतो, कुठल्या बोटाला घट्टा पडलाय, हे सगळं बघून झालं की मग विचारतात, "खिशात चाकू ठेवता का?" माझ्या लग्नात त्यांनी माझ्या सासऱ्यांनाही हेच विचारलं, भर मांडवात. बायकोकडचे लोक अजून तो किस्सा सांगतात. मीही त्यांच्यात हसतो आणि मनातल्या मनात चडफडतो.

अप्पा फिटर होते. निवृत्त झाल्यावर हुबळीतल्या नवनगरच्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत त्यांनी एक व्हाइस, म्हणजे वस्तू घट्ट धरणारा लोखंडी शिकंजा, बसवला आणि घडीच्या चाकूंना मुठी करायला सुरुवात केली. पाती ते तयार आणतात. पातं काय, बाजारात गेलं की मिळतं, मूठ मात्र ज्याची त्याला, असं त्यांचं म्हणणं. फुलं विकणाऱ्याचा हात दिवसभर ओला. त्याला साधं लाकूड दिलं तर ते फुगतं आणि पातं मिटेनासं होतं. बागकाम करणाऱ्या बाईची बोटं बारीक. तिला जाड मूठ दिली तर संध्याकाळी मनगट धरून बसावं लागतं. सनमायका दिसायला झकास, पण घामात मासळीसारखा निसटतो. शिसवी चांगलं, पण लोकांना ते आरशासारखं चकचकीत हवं असतं, आणि इतकं पॉलिश केलं की त्यात आणि सनमायक्यात काय फरक राहिला? मग जिथं अंगठा टेकतो तेवढ्या जागेवर अप्पा तीनधारी कानशीनं बारीक जाळी पाडतात. बोटाला कळली पाहिजे पण टोचता कामा नये. ती तपासताना ते डोळे मिटून घेतात.

आणि त्यांचं सगळ्यात लाडकं म्हणजे म्हशीचं शिंग. कंगवे आणि बटणं करणाऱ्यांना शिंगं पुरवणारा एक व्यापारी आहे, त्याच्याकडून ते तुकडे आणतात, उकळत्या पाण्यात मऊ करतात, दोन लोखंडी पट्ट्यांत दाबून सपाट करतात. "ओला हात शिंगच धरतं की," ते म्हणतात. "थंडीत गार लागत नाही, उन्हात तापत नाही." हे खरं आहे. पण ग्राइंडरला लावलं की केस जळल्यासारखा वास घरभर पसरतो, आणि त्या वासानं माझं डोकं फिरायचं.

का फिरायचं तेही सांगून टाकतो. आम्ही बौद्ध. गावातलं मेलेलं जनावर ओढून नेण्याचं काम पणजोबांपर्यंत आमच्या घराण्याच्या गळ्यात बांधलेलं होतं. आजोबांनी ते झुगारून दिलं, गाव सोडलं, हुबळीत येऊन हमाली केली आणि अप्पांना आयटीआय शिकवलं. अप्पांनी मला एम.एस्सी. केलं. एवढं करून शेवटी आमच्या पडवीत पुन्हा शिंगंच! मी एकदा तसं बोललोही. अप्पांनी कानस थांबवली नाही. "ते लादलेलं होतं म्हणून टाकलं. हे मी माझ्या मर्जीनं करूलोय. त्यात शिंगाचं काय चुकलं रे?" उत्तर नसलं की मी चिडतो आणि खिडकी लावून घेतो. त्या दिवशीही घेतली.

मी धारवाडला एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. आमचे विभागप्रमुख निवृत्त होणार होते. सर कन्नड माणूस, धारवाडातच सप्तापूरला राहतात, आणि अंगणात गुलाबाची, आंब्याची कलमं बांधणं हा त्यांचा एकच शौक. निरोपाला काय द्यायचं यावर स्टाफरूममध्ये शाल, घड्याळ, पुन्हा शाल अशी चर्चा चालली होती. मी म्हणालो, माझे वडील चाकू करतात, कलमाचा चाकू देऊ. सगळ्यांनी एकदम उचलून धरलं. क्षणभर छाती फुगली. पुढच्याच क्षणाला मनात आलं, आता मूठ कशाची करतील कोण जाणे.

घरी आल्यावर मी हुकूमच सोडला. "शिसवीची करा, अप्पा. चांगली चमकली पाहिजे."

"हात कसा आहे सरांचा?"

"मोठा आहे."

"घाम येतो का? अंगठा पुरा मिटतो?"

"मी काय त्यांचा हात धरून बसतो का रोज?" मी खेकसलो. अप्पा बरं म्हणाले आणि उठून गेले. ते इतक्या सहज बरं म्हणाले तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

समारंभाच्या आदल्या दिवशी त्यांनी चाकू माझ्या हातात ठेवला. काळी मूठ, मधोमध मधाच्या रंगाची एक रेघ, अंगठ्याच्या जागी जाळी. हातात घेतल्यावर सोडवेना इतकी छान होती. मी मात्र आवाज चढवला.

"हे शिंग आहे."

"म्हशीचं."

"अप्पा, सरांच्या घरात अंडंसुद्धा येत नाही!"

"मग काय मूठ खाणारायत का ते?"

एरवी मी हसलो असतो. पण दुसरी मूठ करायला वेळ नव्हता. शिंग म्हटल्यावर कुणीतरी विचारणार, कुणी केलं. माझ्या वडिलांनी म्हटल्यावर एकमेकांकडं बघणार. आणि मग माझ्या नोकरीच्या अकरा वर्षांत जे कुणी बोललं नव्हतं ते कुणाच्या तरी भुवईत दिसणार. प्रत्यक्षात आजवर कुणी भुवईसुद्धा उचलली नव्हती. पण चोराच्या मनात चांदणं. मी ठरवून टाकलं, विचारलं तर फायबर म्हणायचं. सिंथेटिक, ऑनलाइन मिळतं तसलं. अप्पांना हे सांगायची गरज मला वाटली नाही, कारण ते येणार नव्हते.

ते आले. आमच्या स्टाफ क्लबच्या सेक्रेटरींनी मला न विचारता त्यांना फोन करून बोलावलं होतं. चाकू करणाऱ्यालाच बोलावलं नाही तर कसं, असं त्यांचं सरळ म्हणणं. अप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसले होते. भाषणं झाली, हार झाले, सरांनी डबी उघडून चाकू वर धरला आणि हा याच्या वडिलांनी केलाय, असं माझ्याकडं बोट दाखवून माइकवरून सांगितलं. टाळ्या वाजल्या. अप्पांनी दोन्ही बाजूंना मान लववली. तेव्हा मला अभिमान वाटला हे खरं आहे. तो जेमतेम चहापर्यंत टिकला.

चहाच्या वेळी चाकू हातोहात फिरत होता. रसायनशास्त्राच्या मॅडमनी मुठीवरून बोट फिरवलं, जाळीवर थांबल्या आणि मला कन्नडमध्ये विचारलं, "इदु यातरद्री?" हे कशाचं आहे, म्हणून. अप्पा माझ्या उजव्या हाताला उभे होते, हातात लाडवाची बशी. सर समोरच होते. प्रश्न साधा होता, मॅडमच्या आवाजात कौतुकाशिवाय काही नव्हतं.

"फायबर, मॅडम," मी म्हणालो. "शुद्ध फायबर."

शुद्ध! हा शब्द माझ्या तोंडात कुठून आला ते मला आजही सांगता येत नाही. आठवला की कान तापतात.

मॅडम अप्पांकडं वळल्या. "हौदेन्री?" खरंच का हो? त्यांचा विश्वास बसत नव्हता असं नाही, कारागिराशी दोन शब्द बोलावेत एवढंच. अप्पांनी आधी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. कपडे करून बाहेर पडताना आपण घरच्या माणसाला विचारतो ना, ठीक आहे का, तसं पाहिलं. मग मॅडमना म्हणाले, "हौद्री. फायबर." हो, फायबरच.

"फायबर छलो ऐत्री," सर म्हणाले. छान आहे. आणि चाकू मिटून खिशात टाकला.

परतीच्या बसमध्ये अप्पा खिडकीशी बसले. लाडू चांगला होता म्हणाले, तूप बरं होतं. सेक्रेटरी सज्जन माणूस आहे म्हणाले. नवनगर येईपर्यंत मी वाट बघत होतो की आता बोलतील, आता बोलतील. स्टॉप आला तसे ते उठून पुढं गेले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "ते फायबर ऑनलाइन कुठं मिळतं? जरा मागव की." मला वाटलं टोमणा आहे. नव्हता. फायबरचे पत्रे आले तसे त्यांनी शिंगाचे सगळे तुकडे पोत्यात भरले, तोंड बांधलं आणि पोतं माळ्यावर टाकलं. "लोकांना सांगायला बरं पडतं," एवढंच कारण दिलं. फायबर घासताना जी बारीक भुकटी उडते तिनं त्यांच्या कोपरापर्यंत पुरळ उठलं. रोज संध्याकाळी खोबरेल तेल लावून बसायचे. फायबरच्या मुठी वाईट होत नव्हत्या. पण ते त्या डोळे मिटून तपासत नसत. करून झाली की बाजूला ठेवायची आणि पुढची घ्यायची.

महिनाभर मी हे बघितलं. मग एका रविवारी सकाळी सप्तापूरला सरांच्या घरी गेलो. निदान एका माणसाला तरी खरं सांगावं, म्हणजे मन हलकं होईल, असा हिशेब होता. अप्पांना सांगायचं सोडून सरांना सांगायला गेलो, यातच माझं सगळं आलं. सर अंगणात आंब्याच्या रोपांशी बसले होते. चाकू तिथंच, गोणपाटावर.

"सर, ही मूठ फायबरची नाही. म्हशीच्या शिंगाची आहे. मी खोटं बोललो."

सरांनी हातातलं कलम बांधून पूर्ण केलं. "माहीत आहे. मीच निवडली."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. समारंभाच्या तीनएक आठवडे आधी अप्पा त्यांच्याकडं आले होते, बसनं, पिशवीत मुठीचे तीन तुकडे घेऊन. एक शिसवी, एक सनमायका, एक शिंग. आधी सरांचा हात धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, अंगठा पुरा मिटत नाही तुमचा. "माझ्याबरोबर अकरा वर्षं काम केलंस, तुला माहीत होतं हे?" सरांनी मला विचारलं. मला माहीत नव्हतं. मग अप्पांनी त्यांना हात ओला करायला लावला, डोळे मिटायला लावले, आणि तिन्ही तुकडे एकेक करून हातात दिले. सरांनी एक पसंत केल्यावर म्हणाले, हे म्हशीचं शिंग आहे, घरात चालणार असेल तरच करतो. सर म्हणाले, देवघरात नाही ठेवणार, बागेत ठेवीन, करा.

"आणि जाताना म्हणाले," सर सांगत होते, "मी आलो होतो हे मुलाला सांगू नका. मी त्याच्या ओळखीच्या माणसांकडं गेलो की त्याला अवघड होतं."

"मग त्या दिवशी तुम्ही फायबर का म्हणालात?"

"तुझे वडील म्हणाले ना फायबर. त्यांनी केलेली वस्तू. मी कोण दुसरं म्हणणारा?"

सरांनी चहा विचारला. मी नको म्हणून निघालो. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते मी नुसतंच ऐकत आलो होतो. त्या दिवशी सप्तापूरच्या उतारावरून चालताना ते मला खरोखर हवं होतं. ज्यांच्यापासून मी लपवत होतो त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि ज्यांना मी लपवत होतो ते माझी लाज किती वर्षं सांभाळून घेत होते कोण जाणे.

घरी आलो तेव्हा अप्पा पडवीत फायबरची पट्टी घासत होते. मी समोरच्या स्टुलावर बसलो.

"सरांकडं गेलो होतो."

त्यांचे हात थांबले. मग त्यांनी पट्टी व्हाइसमधून सोडवली आणि फडक्यानं पुसायला लागले.

"अप्पा, मॅडमनी विचारलं तेव्हा तुम्ही हौद्री का म्हणालात?"

"मग काय म्हणू? चारचौघांत पोराला खोटं पाडायचं असतं काय?" ते म्हणाले. "तुला रोज जायचं असतं तिथं. मी एक दिवस आलो, लाडू खाल्ला, परत आलो."

माझं चुकलं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. आमच्या घरात हे वाक्य कुणी कुणाला म्हणत नाही. तशी सवय नाही. माझ्या तोंडून दुसरंच निघालं. "माळ्यावरचं पोतं काढतो मी. शिंगाचंच करा पहिल्यासारखं."

"नको."

"का? मी काही म्हणणार नाही आता."

"तू म्हणशील म्हणून नाही रे." त्यांनी पट्टी उजेडात धरून पाहिली. "आता शिंगाची मूठ बघून कुणी मला विचारलं, हे कशाचं, तर मी आधी तुझ्याकडं बघीन. तू तिथं नसलास तरी."