हो म्हणणारी डिस्क

लतिकाच्या बाबांना, शरच्चंद्रांना, उभ्या आयुष्यात नाही म्हणताना कोणी ऐकलं नव्हतं. खापरखेड्याच्या वीज केंद्रात होते तेव्हा कोणाचीही रात्रपाळी हे गृहस्थ हसत अंगावर घ्यायचे. बायको गेल्यावर लेक म्हणाली, धरमपेठेत माझ्याकडे चला, तर दुसऱ्या दिवशी सायकलसकट हजर. त्यामुळे कंपनीनं लतिकाला पुण्याच्या ऑफिसात बोलावलं आणि तिनं "बाबा, पुण्याले राहायला जाऊ या का?" असं विचारलं, तेव्हा उत्तर ठरलेलंच होतं.

"हो नं वं. मले काय, कुठंही चालते."

लतिकाला हायसं वाटलं. खोकी आली, चिकटपट्ट्या आल्या. आज संध्याकाळपर्यंत पुण्याला होकार कळवायचा होता.

लतिका ड्रायव्हर लिहिते, म्हणजे संगणकाला डिस्कशी बोलायला लावणारा प्रोग्राम. सध्या तिच्या डोक्याला एकच ताप होता. नवा ड्रायव्हर टाकला की ग्राहकांच्या काही जुन्या डिस्क मुक्या व्हायच्या. तिच्यासोबत काम करणारा पियुष म्हणायचा, मेल्या असतील. आज सकाळी तिनं तशीच एक डिस्क घरीच टेबलावर घेतली आणि ड्रायव्हर आणि डिस्कमधलं बोलणं ओळीओळीनं वाचलं. ड्रायव्हर विचारत होता, नव्या आज्ञा समजतात का? डिस्क म्हणत होती, हो. मग तो नव्या, लांबलचक आज्ञेनं तिच्यात जागा किती ते विचारायचा आणि ती बिचारी जागीच गोठायची. हा शहाणा पुन्हा तेच विचारायचा, पुन्हा तेच, आणि शेवटी मेली म्हणून मोकळा व्हायचा.

"मेली नाही गा," तिनं पियुषला फोन करून सांगितलं. "ती हो म्हणते अन् आपण विश्वास ठेवून राहिलो. आधी जुनी, लहान आज्ञा देऊन पाहते."

लहान आज्ञेला डिस्कनं लगेच उत्तर दिलं. पियुष खूश झाला. लतिकाही व्हायला हवी होती, पण तिचं लक्ष स्वयंपाकघरात भांडी बांधत बसलेल्या बाबांकडे गेलं. त्यांचा तो हो तिला फार सोयीचा होता, म्हणून तिनं पुढे काही विचारलंच नव्हतं.

ती जाऊन त्यांच्याशेजारी फरशीवर बसली. पुण्याचं नाव काढलं नाही.

"बाबा, सायकल न्यायची का कोणाले देऊन टाकायची?"

बाबांचा हात थांबला. रोज सकाळी ते त्या सायकलवरून नानाजींकडे, वीज केंद्रातल्या जुन्या सोबत्याकडे, चहाला जायचे.

"राहू दे इथंच."

"इथं कोणाजवळ?"

बाबांनी हातातल्या कढईला आणखी एक कागद गुंडाळला.

"माह्याजवळ," ते म्हणाले.

लतिकाचे डोळे भरून आले. तिनं त्यांच्या हातातली कढई घेतली, कागद सोडला आणि ती परत शेगडीवर नेऊन ठेवली.