सात गाठींची बाटली

निलगिरीच्या तेलावर माझ्या मोठ्या साडूंइतकी श्रद्धा असलेला आणि त्याच तेलाला त्यांच्याइतका घाबरणारा दुसरा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही. पाटोद्याजवळ त्यांच्या चाळीसेक शेळ्या. सर्दी होवो, डोकं दुखो, अंग आंबो, त्यांच्याकडे इलाज एकच आणि त्याला अटी ढीगभर. तेल नुसतं कधी लावायचं नाही. चमचाभर तिळाच्या तेलात दोन थेंब. तेही आधी मनगटावर लावून एक दिवस वाट पाहायची. एकदा माझी पाठ धरली. मी त्यांच्या ओसरीवर पालथा पडलेलो आणि हे माझं मनगट न्याहाळत बसलेले. "पाव्हणं, उद्या याच टायमाला बघू," म्हणाले. दुसऱ्या दिवशी मनगट ठणठणीत होतं आणि पाठही आपोआप सुटली होती. श्रेय तेलालाच गेलं.

वाफ घ्यायची तर डोळे मिटून. आपण ते मिटलेत की नाही हे पाहायला साडू स्वतः टॉवेलच्या आत डोकं घालत, डोळे उघडे ठेवून. मग दिवसभर त्यांचेच डोळे लाल. बाटली आढ्याला टांगलेली असे. झाकणावर फडकं, फडक्यावर सुतळीच्या सात गाठी. शेळ्या बांधणाऱ्या हाताच्या गाठी त्या, ओढून सुटत नसत. नातेवाइकांनाही ते अशीच बांधलेली बाटली देत. आमच्या बाटलीच्या गाठी मी एकदा अडकित्त्यानं कापल्या, तर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग दुसरी पाठवली. तिला आठ गाठी होत्या.

या गाठींचं कारण त्यांनी कधी सांगितलं नाही, ते मेव्हणीबाईंकडून कळलं. त्यांची मुलगी तीन वर्षांची असताना तिनं उघडी बाटली तोंडाला लावली. पोर पेंगायला लागली. शेजारी म्हणाले, मिठाचं पाणी पाजून ओकारी काढा. साडूंनी ऐकलं नाही, पोरीला उचलून थेट दवाखाना गाठला. ओकारी काढली नाही ते फार बरं केलंत, असं डॉक्टर म्हणाले. दोन दिवसांनी पोर हसत घरी आली. बाटली साडूंच्याच हातून उघडी राहिली होती.

मागच्या हिवाळ्यात त्यांनाच सर्दीनं धरलं. तोवर बोटांना कंप सुटलेला. स्वतःच्याच गाठी सुटेनात आणि कुणाला कापूही देईनात. शेवटी उमापूरला दिलेली तीच मुलगी रांगतं लेकरू घेऊन आली. तिनं बाटली उतरवली आणि एकेक गाठ सोडली.

"किती थेंब?" साडूंनी विचारलं.

"दोन, अण्णा."

"लेकरू कुठं हाय?"

"आईपाशी, भाईर."

वाफ घेऊन त्यांनी टॉवेलमधून डोकं काढलं, ते विचारतच. "गाठी मारल्या का गं?"

"सात मारल्या."

त्यांनी बाटली हातात घेतली आणि प्रत्येक गाठ ओढून पाहिली. एकही हलली नाही. "आता म्या कशाला भ्यायचं?" म्हणाले आणि बाटली मुलीच्या हातात दिली.

यंदा साडू नाहीत. मला त्यांची फार आठवण येते. आठ गाठींची बाटली आमच्या फडताळात आहे, ती सोडायला हात धजावत नाही. सर्दी झाली की मी दुकानातून नवी आणतो, दोन थेंब मोजतो आणि तिलाही गाठी मारतो. पण माझ्या गाठी ओढल्या की सुटतात. म्हणून नातू यायचा असला की ही नवी बाटली मी कपाटात ठेवून कुलूप लावतो, आणि कुलूप दोनदा ओढून पाहतो.