चाकांची खुर्ची आणि आमची कमिटी

मदत करायला निघालेल्या माणसांचे जेवढे किस्से होतात, तेवढे मदत घेणाऱ्यांचे कधीच होत नाहीत. लढाईच्या दिवसांत जबलपूरला, ओमतीजवळच्या आमच्या मराठी मंडळात म्हाताऱ्या आणि अपंग माणसांसाठी एक कमिटी होती. काठ्या, कुबड्या जमवायच्या आणि ज्याला लागतील त्याला वापरायला द्यायच्या. कमिटीत मी एकटी बाई, शाळेत मास्तरीण. म्हणजे ठराव पुरुषांनी करायचे आणि हिंडायचं मी!

सगळ्यांच्या मनाला लागलेलं काम एकच होतं. बापूराव, रेल्वेचे रिटायर्ड गार्ड. लकव्यानं पाय गेले तेव्हापासून ते उंबऱ्याबाहेर पडेनात आणि त्यांच्यापायी त्यांच्या बायकोचं, माईंचंही बाहेर जाणं थांबलं. कोणी न्यायला गेलं की उत्तर ठरलेलं, "उचलून न्यायला मी काय गव्हाचं पोतं आहो?"

* * *

एकदा मंडळाला कोणीतरी पितळी कर्णा दिला, कानाला लावून ऐकायचा. गोहलपुरातल्या एका काकूंना कमी ऐकू येतं असं कळलं, म्हणून मी तो घेऊन गेले.

काकूंनी तो उलटासुलटा करून पाहिला. "मला तर चांगलं ऐकू येते, बाई."

"मग परत नेते."

"नको, राहू द्या. यांच्या कानाला लावते. लग्न झाल्यापासून मी काय बोलून राहिली, ते यांना ऐकूच नाही येऊन राहिलं!"

काका ओट्यावर सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

* * *

दुपारी मंडळात वर्तमानपत्र वाचून दाखवायचा रिवाज होता. दृष्टी गेलेले गोविंदराव रोज पहिले हजर. वाचायचे आमचे सेक्रेटरी दादासाहेब. ते भलतेच हळवे! म्हाताऱ्या माणसांना त्रास नको म्हणून वाईट बातम्या गुपचूप गाळायचे. त्यामुळे काही दिवस आमच्याकडे लढाई फार छान चालली. कुठे बॉम्ब नाही, पूर नाही, कोणी वारलंसुद्धा नाही.

शेवटी गोविंदरावांनी काठी आपटली. "काहून हो दादासाहेब, जगात सगळं ठीक आहे, तर सदरच्या छावणीत रोज इतकी पलटण काहून उतरून राहिली? आमचे डोळे गेले, भैया, अक्कल शाबूत आहे!"

दुसऱ्या दिवसापासून सगळं वाचलं जाऊ लागलं आणि गर्दी दुप्पट झाली!

* * *

मग बापूरावांसाठी चाकांची खुर्ची करायचं ठरलं. काम दिलं टांगे बनवणाऱ्या एका मिस्त्रीला. बापूरावांना कळू नये म्हणून माईंनी त्यांचा जुना कोट मापाला दिला. बैठक अगदी अंगाबरोबर झाली. चाकं मात्र टांग्याची!

नारळ फोडून, हार घालून आम्ही खुर्ची वाजतगाजत नेली आणि ती बापूरावांच्या दारात अडकली. आत जाईना, बाहेर येईना. दादासाहेब म्हणाले, "चौकट काढू!"

मिस्त्री शांतपणे म्हणाला, "बाबूजी, दरवाज़ा नापा था किसी ने?"

 तेवढ्यात आतून हसण्याचा आवाज आला. खाटेवर बसलेले बापूराव डोळे पुसत होते. "मला बाहेर काढाले आले, अन् स्वतःच अडकले!" मग म्हणाले, "सायकलची चाकं लावून पाहा."

माई दाराआड उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, हे काम होणार.

* * *

सायकलची चाकं लागली. ट्रायल घ्यायला दादासाहेब स्वतः खुर्चीत बसले आणि आम्ही ढकलत ढकलत सदर बाजारात नेलं. एका हलवायाला त्यांची फार दया आली. त्यानं गरम जिलेबीचा पानाचा दोना हातात ठेवला. दादासाहेबांनी मिटक्या मारत जिलेबी खाल्ली आणि हात धुवायला उठून चालू लागले.

सगळा बाजार ओरडला, "नर्मदा मैया की जय!"

त्या हलवायाच्या दुकानात पुढे कित्येक दिवस आजाऱ्यांची रांग लागायची.

* * *

ठरलेल्या दिवशी खुर्ची दारातून अलगद आत गेली. बापूरावांनी तिचं चाक हातानं फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "बसतो. पण गाडी माझ्या हुकमाशिवाय हलणार नाही."

अंगात गार्डाचा कोट, गळ्यात शिटी, मांडीवर दोन झेंड्या. असे ते गल्लीत आले. दादासाहेब मागे दांडा धरून तयार. बापूरावांनी पुढे पाहिलं, मागे पाहिलं आणि झेंडी वर केली. लाल!

"काय झालं, बापूराव?"

"सवारी राहिली."

माई दारात उभ्या होत्या, हाताला कणीक. "अहो, मी कुठं येऊ? स्वयंपाक व्हायचा आहे!"

"होऊ दे उशीर. तोवर गाडी उभी."

माई आत गेल्या. लुगडं बदललं, पण चपला सापडेनात. इतक्या दिवसांत लागल्याच नव्हत्या, कुठे ठेवल्या ते आठवेना. खाटेखाली शोधल्या, माळ्यावर शोधल्या. सगळी गल्ली ताटकळत उभी आणि बापूरावांचा लाल झेंडीचा हात तसाच वर.

शेवटी माई अनवाणीच आल्या आणि खुर्चीशेजारी उभ्या राहिल्या.

मग बापूरावांनी शिटी वाजवली.