नळीभर लाळ आणि घरभर गुपितं

आमच्या लॅबमधले रिपोर्ट कॉम्प्युटरमध्ये साठतात आणि किस्से माझ्या डोक्यात. रिपोर्ट निदान काही वर्षांनी डिलीट करता येतात, किस्स्यांचं काय करायचं? कोरमंगलाला मैत्रिणींकडे जेवायला गेलं की फर्माईश ठरलेली, "सांग ना, या महिन्यात काय झालं?" मग मी नावं-गावं बदलून सांगते. ऐकणाऱ्या हसतात आणि मध्येच त्यांचा घास हातात राहतो.

मी मूळची बेळगावची. महादेवपुरातल्या एका जेनेटिक लॅबमध्ये काउन्सेलर आहे. रक्त किंवा लाळ तपासून कुठला आजार घराण्यातून आलाय, पुढे कुणाला जाऊ शकतो, हे मशीन सांगतं. ते माणसाला समोर बसवून सांगायचं काम माझं. आमच्या बॉस डॉक्टर शैलजा मॅडम, आणि रिसेप्शनला रेणुकाक्का. या दोघींना कशाचाच धक्का बसत नाही, असं मला सुरुवातीला वाटायचं.

* * *

एकदा लग्न ठरलेल्या मुलाचे वडील आले. सफारी, कपाळाला गंध, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत लांबसडक केस!

"आमच्या होणाऱ्या सुनेचे आहेत," ते म्हणाले. "परवा त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा मिसेसनी हळूच कंगव्यातून काढून घेतले. सगळे आजार चेक करून द्या."

मला वाटलं, आपणच काहीतरी चुकीचं ऐकलं. शैलजा मॅडमनी विचारलं, "मुलीला माहीत आहे हे?"

"तिला कशाला सांगायचं? पत्रिका बघताना मुलीची सही घेतो का आपण?"

"इथे घेतो," मॅडम म्हणाल्या. "तिच्या सहीशिवाय एक केससुद्धा मशीनजवळ जाणार नाही."

साहेब भडकले. रेणुकाक्कांनी पिशवी त्यांच्या हातात परत ठेवली आणि शांतपणे विचारलं, "सरी सार, ठीक आहे. मुलाचे केस आणलेत का?"

"त्याचं काय बघायचंय?" ते म्हणाले. "आणि केस आहेत कुठे त्याला!"

* * *

गरोदर बाईच्या रक्तावरून बाळाला काही मोठा दोष आहे का, ते आता कळतं. मुलगा की मुलगी हे आम्ही सांगत नाही. कायदाच आहे, आणि रिपोर्टात तसं काही लिहिलेलंही नसतं.

एका सुनेचा रिपोर्ट नॉर्मल आला. रेणुकाक्कांनी तो फाइलमध्ये घालून दिला. दुसऱ्या दिवशी सासूबाई पेढ्यांचा बॉक्स घेऊन हजर! सगळ्या स्टाफला वाटले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तुम्ही बोलत नाही, पण आम्हाला कळलं हो. निळी फाइल दिलीत ना!"

निळी फाइल? कपाटात त्या दिवशी निळ्याच शिल्लक होत्या.

सासूबाई गेल्या. आम्ही तिघी पेढे हातात धरून उभ्या. शैलजा मॅडम अगदी हळू म्हणाल्या, "आणि गुलाबी शिल्लक असत्या तर?"

पेढा कुणीच खाल्ला नाही. तेव्हापासून आमच्याकडे फक्त खाकी फाइल मिळते.

* * *

आमच्या सीमाभागात मामा-भाचीची लग्नं अजून होतात. चिकोडीकडचं असं एक जोडपं आलं होतं. दोन मुलं, दोन्ही जन्मतः बहिरी. तिसऱ्याची चाहूल लागली होती. सोबत एक आजी. नवरा तिचा मुलगा आणि बायको तिच्या मुलीची मुलगी. म्हणजे आजीच सासू!

आजी आल्या आल्या सुरू झाल्या, "बाई, दोष हिच्यातच आहे बघा की. हिच्या बापाच्या घराण्यात काय की असणार."

पोरगी खाली मान घालून बसली होती. सवयीची वाटली तिची मान.

रिपोर्ट हातात होता. मी कागदावर चित्र काढून समजावलं. दोघांच्याही अंगात एकच बिघडलेला जीन आहे. एकटा असला तर काही त्रास देत नाही, पण आई आणि बाप दोघांकडून आला तर मूल बहिरं होतं. मुलाकडे आणि नातीकडे तो एकाच घरातून आलाय.

आजी चित्राकडे बघत राहिल्या. मग त्यांनी बोट ठेवलं. एक रेघ मुलाकडे, दुसरी रेघ मुलीकडून नातीकडे. दोन्ही रेघा वर जाऊन जिथं मिळत होत्या, तिथं त्यांचं बोट थांबलं.

"म्हणजे... माझ्याकडनं?"

"तुमच्याकडून किंवा आजोबांकडून," मी म्हणाले. "बघायचं तर तुमचं रक्त तपासावं लागेल. आणि यात दोष कुणाचाच नसतो, आजी."

"त्यांचं नाव नका घेऊ, ते गेले," आजी म्हणाल्या. "माझ्यावरच लिहा."

जाताना त्यांनी नातीच्या खांद्यावरून घसरलेला पदर नीट केला. पोरगी इतकी दचकली, की मला समोर बघवेना.

* * *

एक तरुण जोडपं, दोघंही पुण्याचे, दोघंही सॉफ्टवेअरमधले. दोघांनाही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे रक्ताच्या आजाराचा सौम्य प्रकार. मुलाला मोठा आजार होऊ नये म्हणून त्यांनी आयव्हीएफ करून गर्भ तपासायला पाठवले होते. पाचपैकी दोन पूर्ण निरोगी निघाले. बातमी सांगितली तर बायकोच्या डोळ्यांत पाणी. असा दिवस आला की मला माझी नोकरी फार आवडते.

तेवढ्यात नवऱ्याने लॅपटॉप उघडला. एक्सेल शीट! उंची, गणित, स्वभाव, टक्कल, असे कॉलम.

"आता या दोघांतला कुठला जास्त ब्राइट आहे, तेवढं सांगा. डेटा तर आहेच ना तुमच्याकडे?"

शैलजा मॅडम म्हणाल्या, "आजार नाही, एवढं सांगू शकते. बाकी मला सांगता येत नाही, आणि आलं तरी सांगणार नाही."

"पण मॅडम, ऑप्शन असताना रँडम का निवडायचं?"

बायकोने डोळे पुसले आणि लॅपटॉप फाडकन मिटला. "तुझ्या आईने असं निवडून घेतलं असतं ना, तर तू इथे बसला नसतास!"

* * *

एका गृहस्थांनी हौसेने पूर्वजांची टेस्ट केली. आपलं घराणं किती शुद्ध, हे मुलीच्या सासरच्यांना फ्रेम करून दाखवायचं होतं. रिपोर्टात निम्मा आशिया निघाला, आणि शेवटच्या ओळीत थोडीशी आफ्रिका.

दुसऱ्या दिवशी काउंटरवर येऊन म्हणाले, "स्वल्प ॲडजस्ट करा मॅडम. तेवढी शेवटची ओळ खोडून द्या!"

* * *

आता ही शेवटची गोष्ट. ही सांगताना मला अजून कसंतरी होतं.

एक काका आले होते. सरकारी कारखान्यात इंजिनियर, वय पंचावन्नच्या आसपास. त्यांच्या वडिलांना मेंदूचा एक आनुवंशिक आजार होता. हातपाय आपोआप हलायचे, मग माणसं ओळखेनाशी झाली. मुलांमध्ये तो यायची शक्यता निम्मी, आणि औषध अजून नाही. काकांना घरी न सांगता टेस्ट करायची होती.

रिपोर्ट आला. आजार होता. लक्षणं यायची बाकी होती, एवढंच.

काकांनी रिपोर्टची घडी करून खिशात घातली. मग म्हणाले, "माझ्या मुलीला हे कळता कामा नये. लग्नाचं वय आहे तिचं. ती जन्मभर स्वतःच्या हातांकडे बघत बसेल." तसं लिहून सही केली आणि गेले.

चार महिन्यांनी एक मुलगी आली. तिच्या घराण्याचं झाड काढायला घेतलं. आजोबांचा आजार, बाबांचा कारखाना... माझं पेन थांबलं.

"बाबांना कळू द्यायचं नाहीये," ती म्हणाली. "त्यांना स्वतःचं काही जाणून घ्यायचं नाहीये. विषय काढला की उठून जातात."

तिचा रिपोर्ट आला. स्वच्छ! तिच्यात तो आजार नव्हताच. ती रडली, मीही रडले. मी म्हणाले, "आता तरी बाबांना सांग. केवढे सुटतील ते!"

"नको मॅडम. माझं कळलं की ते स्वतःचा विचार करायला लागतील. आत्ता मजेत आहेत ते."

तिनेही सही केली. मी शैलजा मॅडमकडे धावले. त्या पहिल्यांदाच माझ्यासमोर डोक्याला हात लावून बसल्या. "दोघांच्याही सह्या आहेत," त्या म्हणाल्या. "आपल्याला तोंड उघडता येणार नाही."

गेल्या महिन्यात काकांच्या बहिणीला तोच आजार निघाला. तिच्या डॉक्टरांनी काकांना आणि मुलीला एकत्र माझ्याकडे पाठवलं. दोघं शेजारी शेजारी बसले. दोघंही मला पहिल्यांदाच बघत असल्यासारखे.

फॉर्मवरचा प्रश्न वाचणं भागच होतं. "तुमच्यापैकी कुणी याआधी ही टेस्ट केली आहे का?"

"नाही!" दोघं एकदम म्हणाले.

मी फॉर्मवर 'नाही'पुढे खूण करेना, तसे काका हसले. त्यांनी मुलीचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "लिहा मॅडम, बिनधास्त लिहा. आमच्या घरात एकमेकांपासून काही लपवलेलं नसतं."