पडद्यावरचे हात

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण पगाराची चिठ्ठी सोडली तर दुसऱ्या नावाने तिला कोणी ओळखतच नसे. मोटारीच्या पोटात वायरींचे जाडजूड जुडगे असतात, ते बांधायच्या कारखान्यात ती टेपिंगला होती. समोर उभी फळी, फळीवर खुंट्या, खुंट्यांमधून पसरलेल्या रंगीत वायरी. त्या मुठीत धरायच्या आणि काळी टेप गुंडाळत जायचं. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढला पाहिजे, नाहीतर वायर घासून उघडी पडते. एवढं सगळं करायचं ते चालत्या फळीवर. फळी साखळीवर सरकत असते, तिच्याबरोबर बाईनेही सरकायचं. भिंगरीच्या बोटांत टेपचं भेंडोळं गरगर फिरायचं, म्हणून हे नाव पडलं.

बाई कामाला वाघ होती, पण तिची एक खोड होती. कोणी बघतंय म्हटलं की तिचे हात सुटायचे. सुपरवायझर मागे येऊन उभा राहिला, पाहुणे काचेतून डोकावले, की हिच्या अंगात संचारलंच. शेजारच्या बाया चिडवायच्या, "अगं, हळू! लग्नाला बघायला नाही आलेत तुला."

ही खोड तिच्या अंगाशी आली ती गेल्या वर्षी. मुख्य ऑफिसमधून माणसं कॅमेरा घेऊन आली होती. "नव्या मुलींना शिकवायला फिल्म हवी आहे, बाई. तुमच्यासारखे हात दुसऱ्या कुणाचे नाहीत," असं म्हणत मॅनेजरने तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. बंद विभागात एक वेगळी फळी मांडली, वायरी आधीच बसवून ठेवलेल्या, साखळी थांबवलेली. भिंगरी निघाली ती सुसाट. वेढ्यावर वेढा निम्मा चढतोय की नाही हे बघायला फुरसत कुणाला होती! साहेबांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन तिने सुनेला ती टाळ्यांची गोष्ट एकदा नव्हे, तीनदा सांगितली. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. निघताना तिने तो जुडगा भंगाराच्या पिंपात पडलेला पाहिला होता. वेढे फाकले होते, आतल्या वायरी दिसत होत्या. तिने तिकडे पाठ फिरवली आणि तो विषय मनातून काढून टाकला.

आता यंदा कंपनीने साखळीचा वेग वाढवायचं काढलं. परदेशातल्या आपल्याच दुसऱ्या कारखान्यात बायका याच वेगाने काम करतात, तुम्हाला जमत नसेल तर काम तिकडे जाईल, असं सरळ सांगून टाकलं. भिंगरीची सूनही त्याच साखळीवर होती. मुलगा ट्रक घेऊन सदा बाहेर, घर चालायचं ते या दोघींच्या पगारावर. आणि सुनेच्या बोटांना आताच मुंग्या यायच्या. सकाळी तिला वेणी घालता येईना, भिंगरीच घालून द्यायची. वेग वाढला तर पहिली बाहेर पडणार ती सूनच, हे दोघींनाही ठाऊक होतं आणि दोघीही त्यावर बोलत नव्हत्या.

युनियनचा सेक्रेटरी म्हणजे मशीन दुरुस्त करणारा मिस्त्री. नाकासमोर चालणारा माणूस. त्याने एका बाईंशी संधान बांधलं होतं. देशोदेशीच्या युनियनांची मिळून एक संस्था होती, तिथे या बाई एकेका कंपनीचा अभ्यास करायच्या. कुठल्या कारखान्यात काय बनतं, कुठे काय पगार, आणि मालक कुठे काय सांगतो, हे त्या शोधून काढायच्या. सगळे त्यांना अभ्यासवाल्या बाई म्हणत. त्यांच्यामुळेच परदेशातल्या कारखान्याच्या युनियनशी बोलणं ठरलं. रविवारी सकाळी, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत युनियनची सगळी कमिटी जमली. टेपिंगच्या बायांतर्फे भिंगरी.

बोलणं सुरू व्हायच्या आधी अभ्यासवाल्या बाई म्हणाल्या, "त्यांना तिकडे साखळीशेजारी एक फिल्म दाखवतात. इथल्या कारखान्यातली, असं सांगतात. ते लोक घाबरलेत. या आठवड्यात नव्या वेगावर सही करणार आहेत. त्याआधी त्यांना तुम्हाला एकच विचारायचंय, तुम्ही खरंच असं काम करता का?"

त्यांनी कॉम्प्युटर वळवला. चेहरा नव्हताच, नुसते हात. भिंगरीने स्वतःचे हात ओळखले.

मिस्त्री हसला. "छे! असं कोण करतं? बनावट आहे. फिल्म पळवून दाखवलीय." बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, "मग तसंच सांगून टाकू. एक घाव दोन तुकडे."

किती सोपं होतं! भिंगरीने नुसतं गप्प बसायचं होतं. शिकवायला म्हणून काढलेली फिल्म परक्या बायांच्या मानेवर सुरीसारखी ठेवली होती, आणि त्या बाया घाबरून हो म्हणाल्या की तीच सुरी इकडे सुनेच्या मानेवर येणार होती. म्हणतात ना, आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण कबूल करायचं म्हणजे या सगळ्यांसमोर मान खाली घालायची. आणि मॅनेजरला कळलं तर? तिला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त.

"बनावट नाही ती," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की मिस्त्रीने पुन्हा विचारलं. "माझे हात आहेत ते."

मग तिने सगळं सांगितलं, थांबवलेली साखळी, आधीच बसवलेल्या वायरी, टाळ्या, भंगाराचं पिंप. मिस्त्री कपाळाला हात लावून बसला. अभ्यासवाल्या बाई तेवढ्या तिच्याकडे नीट बघत होत्या. "हे तुम्ही त्यांना सांगाल?" त्यांनी विचारलं.

पलीकडे पडद्यावर दहाबारा जणी दाटीवाटीने बसल्या होत्या. पुढे एक जाड चष्म्याची बाई. अभ्यासवाल्या बाई दोन्हीकडचं दोन्हीकडे सांगत होत्या. भिंगरीचं ऐकून चष्मेवाली फटकन काहीतरी बोलली.

"त्या म्हणतात, गेले कित्येक महिने आम्ही या हातांना शिव्या देतोय."

भिंगरीने मान खाली घातली. "द्या म्हणावं," ती पुटपुटली.

चष्मेवाली पुढे जे बोलली त्यात मुद्द्याची गोष्ट होती. नुसतं तुमच्या सांगण्यावर आमचे लोक कसे विश्वास ठेवतील? आमचा मॅनेजर म्हणेल, युनियनने पढवलंय. तेव्हा दोन्ही युनियननी मिळून कंपनीकडे एकच मागणी करायची. त्याच बाईने, चालत्या साखळीवर, दोन्ही कारखान्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा करून दाखवावं आणि तो जुडगा तपासला जावा. तोवर आम्ही सही करत नाही. तुम्हीही करू नका.

मिस्त्रीला वाटलं होतं, कंपनी साफ नाही म्हणेल. पण मॅनेजर चक्क हसत हसत तयार झाला. का ते भिंगरीला दुसऱ्याच दिवशी कळलं. त्याने तिला केबिनमध्ये बोलावलं, बसायला खुर्ची दिली.

"तुम्ही काय काय बोललात ते कळलं मला. जाऊ दे. माणूस आहे, चुकतं. पण हात तर तेच आहेत ना? गेल्या वर्षीसारखं करून दाखवा. सुपरवायझरची एक जागा रिकामी होतेय. सुनेलाही बसून करायचं काम बघू." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "आणि मुद्दाम हळू केलंत, तर ते कामात अडथळा आणणं होतं, बाई. त्याला काय शिक्षा असते ते मिस्त्रीला विचारा."

घरी तिने सुनेला सगळं सांगितलं. सून म्हणाली, "आई, माझ्यासाठी म्हणून काही करू नका."

"तुझ्यासाठी नाही तर काय शेजारणीसाठी करू?" भिंगरी खेकसली, आणि लगेच तिला वाईट वाटलं.

तिचा जीव टांगणीला लागला तो नुसत्या मॅनेजरच्या भीतीने नव्हे. तिला स्वतःच्या हातांची धास्ती वाटत होती. ठरवलं काहीही असो, लोक बघायला उभे राहिले की हे हात तिचं ऐकणार होते का? जन्मात कधी ऐकलं नव्हतं. स्वयंपाक करताना, कपडे पिळताना ती हातांकडे संशयाने बघायची. सून म्हणायची, "आई, काय बघताय?" ती म्हणायची, "काही नाही गं."

ठरलेल्या दिवशी साखळीच्या टोकाला मोठा पडदा लावला होता. त्यात परदेशातला कारखाना, तशाच फळ्या, तशाच खुंट्या, आणि एकमेकींच्या खांद्यावरून डोकावणाऱ्या बाया. पुढे चष्मेवाली. इकडे मॅनेजर, मिस्त्री, तपासणीवाला, आणि काम थांबवून उभी असलेली सगळी पाळी. नव्या वेगाने साखळी सुरू झाली. वायरी तिच्या तिनेच बसवायच्या होत्या. फळी समोर आली आणि भिंगरीचे हात सुटले.

पहिले काही वेढे ते असे धावले की मॅनेजरच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. मागून कुणीतरी "वा!" म्हणालं. तिला तो आवाज गोड लागला, अगदी आतपर्यंत. मग तिने खाली पाहिलं. वेढे फाकत होते.

तिने टेप उलटी सोडली. सगळ्यांसमोर, गुंडाळलेलं सोडून पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतलं. निम्म्यावर निम्मा. फळी पुढे सरकत राहिली, तिच्या हद्दीबाहेर गेली, पुढच्या बाईच्या जागेत शिरली. भिंगरी तिच्याबरोबर चालत राहिली. तिचे कान तापले होते. भिंगरी मागे पडतेय हे या कारखान्यात कोणी कधी पाहिलं नव्हतं, आणि आज दोन देश बघत होते. नव्या मुलीसारखी ती चुकत, घामाघूम होत काम करत होती. शेवटी अपुऱ्या कामाची फळी जमिनीवरच्या शेवटच्या रेषेपलीकडे गेली आणि घंटा वाजून साखळी आपोआप थांबली.

तरी तिने उरलेले वेढे पुरे केले, टेप तोडली आणि जुडगा तपासणीवाल्याच्या हातात दिला. त्याने वाकवून, दाबून पाहिलं. "चांगला आहे," तो खाली बघून म्हणाला.

मॅनेजर तिच्याजवळ आला. दात आवळून म्हणाला, "मुद्दाम केलंत तुम्ही हे."

"मुद्दाम केलं ते गेल्या वर्षी, साहेब," भिंगरी म्हणाली. "मला एवढंच जमतं."

हे वाक्य तिने उभ्या आयुष्यात कुणापुढे उच्चारलं नव्हतं. तिला रडू आलं. साहेब आता काय करतील, उद्या गेटावर आत सोडतील की नाही, तिला काहीच ठाऊक नव्हतं. पडद्यावर चष्मेवाली आपल्या बायांकडे वळून काहीतरी सांगत होती, आणि तिच्या मागची एकेक बाई हातातली टेप खाली ठेवून साखळीपासून दूर होऊन उभी राहत होती.